मांडीवरचे यंत्र

बायकोने इस्त्री करता करता विचारलेल्या प्रश्नाला नवऱ्याने उत्तर देऊ नये, हा साधा नियम श्रावण डंभारे सरांना त्या दिवशी माहीत नव्हता.

सर यवतमाळच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात चोवीस वर्षांपासून पदार्थविज्ञान शिकवत होते. राहायला लोहाऱ्याला, एमआयडीसीच्या अलीकडे, शिक्षकांच्या बारा घरांच्या सोसायटीत. सहामाहीचे पेपर तपासत ते टेबलाशी बसले होते. 'ट्रान्झिस्टर ॲम्प्लिफायर म्हणून कसे कार्य करतो?' या प्रश्नाला एकेचाळीस मुलांनी एकच उत्तर लिहिले होते, कारण ते सरांनीच सांगून लिहून घेतले होते. आपले उत्तर एकेचाळीस हस्ताक्षरांत पाहून सरांना भरून आले आणि त्यांनी ते मोठ्याने वाचून दाखवले.

प्रभावतीबाईंनी इस्त्री उभी केली. "थांबा जी. लहान आवाज आत गेला आन मोठा होऊन बाहेर आला. मंग तो मोठेपना आला कोठून?"

"ट्रान्झिस्टरातून."

"आन त्याच्यात कोठून आला?"

सर कागदावर आकृती काढू लागले. बाईंनी शर्टाची कॉलर उलटवली आणि म्हणाल्या, "ऱ्हाऊ द्या. तुमी सोता कधी बनवला का तो?"

आता, फळ्यावर सरांनी तो किमान शंभर वेळा बनवला होता, डोळे मिटूनही बनवला असता. पण फळ्याबाहेर? कॉलेजच्या प्रयोगशाळेत एक ट्रान्झिस्टर होता. तो काचेच्या कपाटात कुलूप लावून ठेवलेला असे आणि दरवर्षी मुलांना देवघरातल्या टाकासारखा लांबून दाखवला जाई. त्याला हात लावल्याचे सरांना काही आठवेना. चोवीस वर्षे पोहण्यावर व्याख्याने द्यावीत आणि कोणीतरी सहज विचारावे, "सर, नदी कोणत्या बाजूला आहे?" तसे त्यांचे झाले.

त्याच दिवशी त्यांनी इंटरनेट उघडले, आणि एक नवीन मुलूख सापडला. जगात अशी माणसे आहेत, जी स्वतः आखलेली सर्किटे फुकट वाटतात. आणि अशीही आहेत, जी ती सर्किटे कशी चुकीची आहेत हे तितक्याच आपुलकीने फुकट सांगतात. रेल्वेच्या सिग्नल खात्यातून निवृत्त झालेल्या पोर्तुगालच्या एका गृहस्थांनी साठ वॅटच्या ॲम्प्लिफायरचा नकाशा टाकला होता आणि त्याखाली दोनशे चौदा पाने भांडण होते. एका रेझिस्टरवरून दोन माणसे सहा वर्षे बोलत नव्हती. सरांनी अकरा दिवसांत सगळे वाचून काढले. बारावीच्या पुस्तकात या विषयाला दीड पान होते.

नकाशा त्यांनी छापून घेतला आणि कोपऱ्यावरच्या लालसिंगच्या दुकानात त्याची झेरॉक्स काढून आणली. कागद भिंतीला चिकटला. घराच्या माडीवरच्या खोलीत तापवून डाख द्यायची सोल्डरिंगची सळई, तारा, डब्या आल्या आणि सल्लाही आला. सल्ल्याला आमंत्रण लागत नाही.

पहिले आले नानाजी गुल्हाने. हे निवृत्त तलाठी, सोसायटीचे नऊ वर्षांपासूनचे सचिव. बायको शिक्षिका होती म्हणून शिक्षकांच्या सोसायटीत घर मिळाले, पण सोसायटी त्यांनी तलाठी कार्यालयासारखी चालवली. आवक रजिस्टर, जावक रजिस्टर, पाण्याच्या टाकीचा पंचनामा. "डंभारे सर, कायले बनवून राह्यले? तयार भेटते ना बाजारात."

"समजून घ्यायचं आहे, नानाजी."

"समजून घ्याले परवानगी लागत नाही," नानाजी विचार करून म्हणाले, "पन बनवाले लागते का, ते पाहा लागीन."

दुसरा सल्ला शेजारच्या संघदीप मेश्रामचा. तो जवळच्या, कापसातून सरकी काढणाऱ्या जिनिंगच्या ऑफिसात कामाला. "सर, त्याच्यात एक लाल दिवा लावजा. दिवा नसला तं लोकाइले मशीन वाटतच नाही." दोनशे चौदा पानांत हा मुद्दा कोणीच मांडला नव्हता. सरांनी दिवा लावला.

ट्रान्सफॉर्मर मात्र बाजारात हव्या त्या मापाचा मिळेना. तेव्हा कोणीतरी देवसिंग राठोडचे नाव सांगितले. एमआयडीसीच्या रस्त्यावर त्याचे मोटर रिवाइंडिंगचे दुकान होते. पंचक्रोशीतल्या विहिरींवरच्या जळालेल्या मोटरी त्याच्या दारात रांगेने पडलेल्या असत.

"चोवीस-शून्य-चोवीस व्होल्टचा पाहिजे. पाच अँपिअरचा," सर म्हणाले.

"किती एचपी?"

"एचपी नाही हो, वॅट. गाणं वाजवायचंय."

"गान्याले वॅट म्हना, पान्याले एचपी म्हना. वीज तं एकच ना जी," देवसिंग म्हणाला आणि तांब्याची तार बोटांत धरून गुंडाळायला बसला. मग त्यानेच विचारले, "हे सर्किट करते काय नेमकं?"

सरांनी सांगायला सुरुवात केली. बेस, कलेक्टर, एमिटर करत ते तिसऱ्या वाक्याला अडकले, जिथे ते वर्गात नेहमी खडू बदलत असत. इथे खडू नव्हता. देवसिंगने हात थांबवला.

"म्हनजे वॉल्वसारखं. वॉल्व फिरवाले दोन बोटं लागते. पन पानी काय बोटातून येते? पानी विहिरीतून येते. बोटं फिरन तसं पानी कमी-जास्त. तुमचा लहान आवाज म्हनजे बोटं. आन मी जो हा बांधून राह्यलो, ती तुमची विहीर."

सर दुकानातल्या उलट्या बादलीवर बसून राहिले. चोवीस वर्षे, म्हणजे ढोबळमानाने दोन हजार मुले, आणि इतके सोपे! मोठेपणा त्या छोट्या आवाजाचा नसतोच. तो मागच्या विजेचा. छोटा आवाज फक्त तिला वळण देतो. घरी गेल्या गेल्या त्यांनी हे प्रभावतीबाईंना ऐकवले, आपलेच असल्यासारखे.

बाईंनी पोळी उलटवली. "पटलं. कोन सांगतलं तुमाले?"

"कोणी म्हणजे? मी पदार्थविज्ञानाचा..."

"तुमी सांगतलं असतं तं येवढ्यात समजलं नसतं," बाई म्हणाल्या.

पुढची अडचण उष्णतेची. मोठे ट्रान्झिस्टर तापतात. त्यांच्या पाठीला ॲल्युमिनियमच्या पाती हव्यात. सर दोन दिवस घरातल्या ॲल्युमिनियमकडे निराळ्या नजरेने पाहत होते. इडलीपात्राला पट्टी लावून माप घेताना ते पकडले गेले आणि इडलीपात्र कपाटात कुलपाखाली गेले. शेवटी पुन्हा देवसिंगच धावला. त्याने एका मेलेल्या मोटरीचे पातीपातीचे ॲल्युमिनियमचे कवच काढून दिले. "याच्यात बसवा सगळं. जिंदगीभर तापत नाही."

स्कूटरच्या पायदानावर मोटरीचे कवच ठेवून भर दुपारी सर सोसायटीत शिरले. नानाजी गेटजवळ उभे होते. त्यांनी सरांच्या पायाशी काय आहे हे पाहिले, मान हलवली आणि घरात जाऊन वहीत लिहून ठेवले. गावात असे कवच एकाच कामासाठी घरात येते: टिल्लू पंप. म्हणजे सगळ्यांच्या नळाचे पाणी आपल्याकडे ओढून घ्यायचे साधन. नानाजींच्या हद्दीत टिल्लू पंप म्हणजे तलाठ्याच्या हद्दीत अतिक्रमण.

सरांना याचा पत्ता नव्हता. ते रोज संध्याकाळी भिंतीवरच्या कागदापुढे उभे राहून एकेक रेघ तारेत उतरवत होते. नकाशात दोन रेघा एकमेकींना छेदतात तिथे ठिपका असला तर तारा जोडायच्या; ठिपका नसला तर एक तार दुसरीवरून नुसती जाते. हे सर वर्गात घसा फोडून सांगत. त्यामुळे ठिपक्यांच्या बाबतीत ते फार काटेकोर होते. ठिपका दिसला की जोडलाच.

रविवारी सकाळी साडेदहाला यंत्र तयार झाले. मोटरीच्या कवचात बसवलेले, चौदा किलोचे, समोर लाल दिवा. सरांनी सकाळी आंघोळ करून धुतलेला सदरा घातला होता. बाईंनी हळदीकुंकू वाहिले. सरांनी बटन दाबले.

आवाज एकच आला, पण साठ वॅटपेक्षा बराच मोठा. धूर निघाला. लाल दिवा तेवढा इमानाने पेटला आणि विझला. त्याबरोबर बारा घरांचा मिळून जो एक जुना कटआऊट होता, तोही उडाला आणि टाकीत पाणी चढवणारी सोसायटीची मोटर थांबली.

त्या वेळी नानाजींच्या डोक्याला कलप लावून वीस मिनिटे झाली होती. डबीवर लिहिले होते, वीस मिनिटांनी भरपूर पाण्याने धुवावे. टाकी सकाळच्या आंघोळींतच रिकामी झालेली. भरपूर सोडा, थेंब नव्हता. लाइनमन आला चार वाजता. तोवर नानाजींचे केस काळे झाले होतेच, कपाळ आणि कानाच्या पाळ्याही झाल्या होत्या. दुपारी ते भाच्यासाठी मुलगी पाहायला मारेगावला जाणार होते. ते गेले नाहीत. त्यांनी त्या वेळात नोटीस लिहिली.

दुसऱ्या दिवशी ती नोटीस बाराही घरांत पडली. प्रभावतीबाईंनी ती जिन्यात उभ्या राहून वाचली. "घर क्रमांक सात येथील श्री. श्रावण डंभारे यांनी आपल्या..." इथे त्या थांबल्या. मग जिन्याच्या पायरीवर बसल्या. मग पदर तोंडावर घेतला.

"काय झालं?" सर घाबरले.

बाईंनी कागद पुढे केला. लिहिले होते: 'श्री. श्रावण डंभारे यांनी आपल्या मांडीवर विनापरवाना भारी यंत्र बसवले असून, ते चालू करताच संपूर्ण सोसायटीचे पाणी बंद पडते. सदर यंत्र सात दिवसांत खाली उतरवावे.'

सरांचा घाव खोल होता. यंत्र जळाले, ट्रान्झिस्टर गेले, हे एक वेळ सोसले असते. पण नोटिशीचा फोटो कुठून कसा फिरला कोण जाणे, मंगळवारी स्टाफरूममध्ये इतिहासाचे सर अतिशय गंभीर चेहऱ्याने म्हणाले, "डंभारे, बसा ना. का बसणं जमत नाही सध्या?" वर्गात सर खुर्चीवर बसले की मागच्या बाकावर कुजबुज होई. चोवीस वर्षांत पहिल्यांदा सरांनी उभ्याने हजेरी घेतली.

संध्याकाळी ते तरातरा नानाजींकडे गेले. "नानाजी, तक्रार करा, दंड करा. पण अशी टवाळी?"

"टवाळी कोन केली?" नानाजींच्या कपाळाचा रंग आता जांभळ्यावर आला होता. "माडी लिहिलं मी. माडी! वरचा मजला! बत्तीस वर्षं सातबारा लिहिला. एक अनुस्वार चुकला असन तं दाखवा. माडीची मांडी झाली आन लोकं मलेच हासून राह्यले." त्यांनी फाइल काढून मूळ कागद आपटला. निळ्या शाईत स्वच्छ लिहिले होते: माडीवर. 'मा'च्या डोक्यावर काही नव्हते.

इथे दुसरा कोणी असता तर माफी मागून घरी गेला असता. पण सरांचा राग जिथे संपला तिथे त्यांची उत्सुकता सुरू झाली. मूळ कागदावर ठिपका नाही. झेरॉक्सवर आहे. मग आला कोठून?

"नानाजी, ही तुम्ही कुठे काढली?"

"लालसिंगकडे. अजून कोठं?"

सर नोटीस घेऊन पळत घरी आले. माडीवर जाऊन भिंतीवरचा नकाशा उचकटला, नोटिशीवर ठेवला आणि दोन्ही कागद खिडकीशी उजेडाला धरले. 'मा'वरचा अनुस्वार नकाशातल्या दोन रेघांच्या छेदावर बरोब्बर बसला होता. वर चार बोटे, उजवीकडून तीन बोटे. पोर्तुगालच्या गृहस्थांनी जिथे एक तार दुसरीवरून नुसती नेली होती, तिथे सरांनी अतिशय काळजीपूर्वक, दोनदा तपासून, भक्कम जोड दिला होता.

नानाजी मागोमाग जिना चढून धापा टाकत आले होते. त्यांनीही उजेडाला धरून पाहिले. मग दोघेही लालसिंगच्या दुकानी गेले.

मशीनच्या काचेवर शाईचा एक वाळलेला काळा थेंब होता, ज्वारीच्या दाण्याएवढा.

"हा तं दिवाळीपासून हाये," लालसिंग म्हणाला. "कोनाची तक्रार नाही आली."

दिवाळीपासून फेब्रुवारीपर्यंत लोहाऱ्यात किती कागद निघाले असतील! किती अर्ज, किती लग्नाच्या याद्या, किती मुलांच्या गणितात कुठे नको तिथे दशांशचिन्ह पडले असेल! नानाजी तिथेच बाकड्यावर बसले. त्यांना जानेवारीत काढलेली थकबाकीदारांची यादी आठवली असावी. लालसिंगने नखाने खरवडून थेंब काढला, तेव्हा त्या दोघांनी तो पुडीत बांधून घेतला. पुरावा म्हणून नानाजींनी पुडीवर तारीख घातली.

सरांनी तो चुकीचा जोड सोडवला, जळालेले ट्रान्झिस्टर बदलले आणि या वेळी ते सगळे देवसिंगला विचारून करत होते. "बटन दाबाच्या आधी सीरिजमध्ये शंभरचा बल्ब लावा," देवसिंग म्हणाला. "आमी नवी बांधलेली मोटर तशीच पाहातो. आत चूक असन तं बल्ब ढणढण पेटते. बरोबर असन तं एकदा चमकते आन मंद होते. जे सांगाचं ते बल्ब सांगते, धूर सांगत नाही."

गुरुवारी दुपारी तिघे माडीवर जमले. सर, देवसिंग आणि नानाजी. सचिव या नात्याने, पाहणीसाठी. सरांनी बटन दाबले. बल्ब भपकन पेटला. नानाजींनी दोन्ही हात डोक्यावर ठेवले. आणि मग बल्ब हळूहळू मंद होत काजव्याएवढा राहिला.

स्पीकरमधून काहीच आवाज येत नव्हता. सर खाली वाकले, कान लावला. शांत. त्यांचा चेहरा उतरला. देवसिंग म्हणाला, "आत काही घातलंच नाही तं बाहेर काय येईन? आत येनाऱ्या तारेले बोट लावा जी. घाबरू नका."

सरांनी बोट टेकवले. स्पीकर घुंऽऽ करून बोलला. बोट उचलले, गप्प. टेकवले, घुंऽऽ. हवेत, भिंतीत, खोलीभर पसरलेली विजेची गुणगुण सरांच्या अंगातून जात होती. जन्मभर ती अशीच जात असणार आणि त्यांना पत्ता नव्हता. त्यांनी नानाजींना बोलावले. नानाजींनी भीत भीत करंगळी लावली. घुंऽऽ. "हा माहा आवाज?" नानाजींनी विचारले. "थोडा जाडा नाही वाटत?" मग प्रभावतीबाईंना खालून हाक गेली. पाऊण तास चार मोठी माणसे एका तारेला आळीपाळीने बोट लावत होती.

पण नोटीस नोटीसच. ती जावक रजिस्टरला चढली होती आणि एकदा चढलेली नोटीस वार्षिक सभेशिवाय उतरत नाही, असे नानाजींचे म्हणणे पडले. सभा येत्या रविवारी दहाला, कडुनिंबाखाली. आता, कापसाच्या हंगामात सोसायटीमागचे जिनिंग दिवसभर गर्जत असे. दरवर्षी सभेत नानाजी उभे राहत, त्यांचे ओठ हलत, लोक शेंगा खात, आणि शेवटी नानाजींनी हात वर केला की सगळे "हो" म्हणत. यालाच इतिवृत्तात 'आवाजी मतदान' म्हटलेले असे.

"नानाजी, या वेळी माइक लावू," सर म्हणाले. बाईंच्या भजनी मंडळाकडे माइक आणि त्याचा बारीक आवाज यंत्राला पुरेल इतका वाढवणारा छोटा डबा पडून होता. त्यांचा ॲम्प्लिफायर दोन वर्षांपूर्वीच जळालेला. नानाजींना कल्पना मनापासून आवडली. आपल्यावरची नोटीस आपल्याच यंत्रातून वाचली जाणार, यात सरांनाही एक प्रकारची शास्त्रीय मजा वाटत होती.

रविवारी चौघांनी यंत्र खाली उतरवले. सरांचा हात बटनापाशी जाऊन थांबला. बारा घरे, तीच टाकी, तीच मोटर. हात पुढे होईना. प्रभावतीबाई आल्या, बटन दाबले आणि आपल्या खुर्चीवर जाऊन बसल्या.

"सन्माननीय सभासदहो," नानाजी म्हणाले.

जिनिंगच्या गर्जनेवरून ते शब्द सरळ, स्वच्छ, एकेक अक्षर सुटे, पार गेटपर्यंत गेले. शेंगा खाणारे हात थांबले. नानाजी स्वतःच दचकून मागे वळले. मग त्यांनी घसा साफ केला; तोही सर्वांना ऐकू गेला. त्यांनी अहवाल वाचला. डंभारे सरांची नोटीस वाचली, 'माडी'वर विशेष जोर देऊन. टाळ्या पडल्या. सरांनी मोटरीच्या पातींवर हात ठेवला. कोमट होत्या. त्यांचे डोळे भरून आले, पण ते ऊन आहे असे त्यांनी संघदीपला सांगितले.

आवाजात आलेल्या नानाजींनी त्याच वेगात पुढचा विषय वाचला: "विषय क्रमांक सहा. सचिवपदी पुढील वर्षाकरिता श्री. नानाजी गुल्हाने यांचीच फेरनिवड. सर्वानुमते मंजूर."

"थांबा," कोणीतरी म्हणाले.

सगळ्या माना नानाजींकडे वळल्या.

"हे दरवर्षी वाचता तुमी?" संघदीपने उभे राहून विचारले. "आमी समजत होतो, तुमी आभार मानून राह्यले!"

मग जे व्हायचे ते झाले. नऊ वर्षांत सभेत काय काय मंजूर झाले, हे लोकांनी मागून घेऊन ऐकले. प्रत्येकाने माइक मागितला. सव्वा तासाने बारापैकी नऊ मतांनी प्रभावती डंभारे सचिव झाल्या. नानाजींनी मोजणी स्वतः केली आणि निकालही स्वतःच वाचला, कारण तेवढा स्पष्ट आवाज दुसऱ्या कोणाचा नव्हता.

नवीन सचिवांनी रजिस्टर ताब्यात घेतले आणि पहिल्याच दिवशी प्रलंबित प्रकरण निकाली काढले. घर क्रमांक सातला पत्र आले: माडीवर यंत्र बसवण्यास परवानगी नाही, सदर यंत्र व त्याचे सर्व सामान सोसायटीच्या पंपाच्या खोलीत हलवावे. सर म्हणाले, "अगं, तू तरी..." बाई म्हणाल्या, "पोच लिहून द्या." सरांनी पोच लिहून दिली.

सोमवारी ते पंपाच्या खोलीत तारा आवरत बसले होते. यंत्र एकाच बाजूचे झाले होते. गाणे डाव्या-उजव्या दोन्ही कानांनी ऐकायचे तर अजून एक तसेच बांधायला लागणार होते. एवढ्यात दार वाजले. दारात नानाजी उभे होते. हातात सातबारा वाचायचे जुने भिंग होते आणि बगलेत कोरी वही.

"सर," ते म्हणाले, "आता माह्याजवळ वेळच वेळ हाये. पहिले काय तापवाचं, ते सांगा."